खाण्यासाठी नसलेला बर्फ

लग्न होऊन मी घाटकोपरला आले तेव्हा आमचं बर्फाचं दुकान होतं. असल्फ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची टपरी, आत एक भलीमोठी लाकडी पेटी, पेटीत भुसा आणि भुशात गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. मी कोकणातली. आमच्या गावात बर्फ दिसायचा तो फक्त मासळीच्या ट्रकात, तोही मळका. इथे काचेसारखी लख्ख लादी टेम्पोतून उतरताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला बोट लावून बघितलं होतं, आणि सासूबाई हसल्या होत्या.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधी कापडाच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला, लांबला, आणि गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांना आत घेतलं नाही. वर्षभर ते घरात भिंतीकडे तोंड करून झोपायचे, असं सासूबाई सांगत. मग ओळखीच्या एकाने ही टपरी सोडली आणि मामंजींनी ती घेतली. धंद्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण लादी कुठे टोचली की सरळ दुभंगते हे ते चार दिवसांत शिकले. हे, म्हणजे माझे यजमान, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. म्हणून दुपारच्या वेळी मामंजींच्या हाताखाली मी. सूनबाई दुकानात बसते म्हणून चाळीत सुरुवातीला थोडी कुजबुज झाली, पण मामंजींनी लक्ष दिलं नाही.

उन्हाळा म्हणजे आमची दिवाळी. समोर उसाच्या रसाचं दुकान होतं, त्यांना सगळ्यात जास्त बर्फ लागायचा. रसवाले सासवडकडचे, मामंजींच्याच वयाचे. दोघं दुपारी एकमेकांच्या बाकड्यावर बसून तंबाखू मळायचे. त्यांच्याखालोखाल गिऱ्हाईक म्हणजे गोळेवाला. तो जालन्याकडचा, तिशीच्या आतला, वरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायचा. सकाळी गाडी घेऊन उतरायचा, सोबत बायको असायची. ती सरबताच्या बाटल्या पुसून रांगेत लावायची, लाल, हिरवी, पिवळी, आणि मग मुलीला काखेला मारून वर जायची. मला म्हणायची, "वहिनी, तुमचं बरंय, दिवसभर थंड्यात बसता." मी म्हणायचे, "ये ना मग, तू बस, मी गाडी लावते." ती हसायची तेव्हा तोंडावर पदर धरायची. पुढचा एक दात तुटलेला होता तिचा.

त्या वर्षी मे महिन्यात पाण्याची फार ओढाताण होती. वस्तीत नळाला धड पाणी येत नव्हतं आणि यायचं तेव्हा आधी काळं यायचं. वरून एकेक बातमी यायला लागली. अमक्याच्या घरात जुलाब-उलट्या, तमक्याला दवाखान्यात नेलं. आम्ही म्हटलं, उन्हाळ्यात होतंच. मग एका सकाळी महापालिकेची जीप भोंगा लावून फिरली. पाणी उकळून प्या. उघड्यावरचं खाऊ नका. कापलेली फळं, उसाचा रस, बर्फाचे गोळे, सरबत, सगळ्यावर पुढच्या सूचनेपर्यंत बंदी. साथ होती, आणि ती आमच्या डोक्यावरच्या डोंगरावर होती.

भोंगा ऐकून मामंजी म्हणाले, "बर्फाचे गोळे म्हणालो तो. बर्फ नाय म्हणूक."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. पालिकेचे लोक उतरले, सोबत दोन पोलीस. आधी रसवाल्यांचा ऊस उचलून ट्रकात टाकला, चरकाला सील लावलं. मग आमच्याकडे आले. नुकत्याच उतरवलेल्या लाद्या बाहेर काढल्या, रस्त्यावर आपटल्या आणि वर फिनेल ओतलं. पांढरं फिनेल त्या लख्ख बर्फावरून ओघळत गेलं. मला वाटलं मामंजी काही बोलतील, भांडतील. संपात लाठ्या खाल्लेला माणूस. पण ते हात बाजूला सोडून नुसते उभे होते.

"साहेब, बर्फ काय करतो माणसाला?" त्यांनी शेवटी विचारलं.

पालिकेचा साहेब तरुण होता. घामाघूम झालेला. "बर्फ नाही करत काका," तो म्हणाला, "पाणी करतं. कारखान्यात कुठल्या पाण्याचा बनतो ते तुम्हाला माहीत आहे का? मला पण नाही. वर माणसं मरतायत."

तो उद्धट नव्हता, हेच मला जास्त लागलं. उद्धट असता तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

त्याने एक सवलत दिली. कोळणींना मासळीसाठी बर्फ द्यायला हरकत नाही, पण दुकानावर पाटी लागली पाहिजे. मामंजींनी एका पुठ्ठ्यावर ह्यांच्याकडून लिहून घेतलं: 'बर्फ खाण्यासाठी नाही'. पुठ्ठा सुतळीने बांधला आणि आम्ही त्याखाली बसलो. पण साथीत मासळी कोण खातंय? कोळणीसुद्धा अर्धी टोपली परत घेऊन जात होत्या. कारखान्याचा माणूस सांगून गेला की रोजच्या लाद्या उचला, नाहीतर तुमचा वाटा दुसऱ्याला देतो. म्हणून मामंजी उचलत राहिले. लाद्या भुशात वितळायच्या. टपरीखालून पाणी रस्त्यावर यायचं आणि मी बसल्या बसल्या ते बघायचे.

रस्त्यावरचं प्रत्येकजण काहीतरी करत होतं. भेळवाला नुसते कुरमुरे आणि फुटाणे विकायला लागला. चटणी नाही, कांदा नाही. रसवाल्यांनी चहाची किटली मांडली. चहा उकळलेला असतो, त्याला बंदी नव्हती. पण ही अक्कल सगळ्यांनाच सुचली होती. कलिंगडवाल्याने चहा मांडला, लस्सीवाल्याने मांडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी स्टोव्ह फरफरायचे आणि पिणारं कोणी नाही. सगळे एकमेकांनाच चहा पाजतायत, असं सासूबाई म्हणायच्या. मामंजी मात्र रोज रसवाल्यांकडे दोन वेळा चहा प्यायचे, तहान असो नसो.

गोळेवाल्याने गाडी वर नेऊन उलटी करून ठेवली आणि साकीनाक्याला काम शोधायला जायला लागला. ह्यांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकला. झाडू मारेल, माल उचलेल, काहीही करेल. शेठने आधी हो म्हटलं. मग विचारलं, राहतो कुठे? डोंगराचं नाव ऐकल्यावर शेठ म्हणाला, "साथ संपल्यावर आण." तीन-चार ठिकाणी हेच झालं. एक दिवस तो आमच्या बाकड्यावर येऊन बसला आणि मला म्हणाला, "वहिनी, भोंगेवाले सांगतात पाणी उकळा. रेशनवर रॉकेल मिळतं ते भाकरीला पुरत नाही. पाणी कशावर उकळू?"

मी घरातलं थोडं रॉकेल बाटलीत काढून दिलं. ते कितीसं पुरणार होतं, कोण जाणे.

त्यानंतरची दुपार. मी आणि मामंजी दुकानात होतो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. गोळेवाला समोरून आला. पायात चप्पल नव्हती. तो पाटीखाली येऊन उभा राहिला आणि नेहमीच्या, अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "मामा, एक लादी पाहिजे होती."

मामंजी म्हणाले, "अरे, बंदी आहे ना. गाडी लावलीस काय?"

"गाडी नाही. बायको गेली सकाळी. तिची आई येतेय गावावरून, संध्याकाळपर्यंत पोचेल. तोवर ठेवायचंय."

मला कळलंच नाही तो काय म्हणाला ते. बायको गेली म्हणजे गावाला गेली, असं मला वाटलं. आई येतेय आणि ही गेली, मग चुकामूक होईल ना, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि मी तसं बोलणारही होते. तेवढ्यात मामंजी पेटीचं झाकण उघडून भुसा बाजूला करायला लागले. बंदीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही, तेव्हा मला कळलं.

आदल्या दिवशी सकाळी ती दुकानासमोरून गेली होती. हातात कळशी होती. मला हात केला होता तिने.

"चल गो," मामंजी मला म्हणाले. "एकट्याक नाय जमूचा ह्या."

आम्ही हातगाडीवर लादी घेतली, वर गोणपाट टाकलं. चढ सुरू होईपर्यंत गाडी गेली. पुढे बोळ इतके अरुंद की लादी दोघांनी खांद्यावर घेतली, मामंजींनी पुढून, गोळेवाल्याने मागून. मी गोणपाटं आणि भुशाची पिशवी घेऊन पाठीमागे. जयंतीच्या निळ्या पताका अजून बोळांवर लटकत होत्या. दारादारांत माणसं बसलेली. दोन-तीन घरांपुढे चुन्याची पांढरी पूड टाकलेली होती. एका ठिकाणी गटार होतं आणि त्या गटारातून पाण्याचा पाइप गेला होता. पाइपाला कोणीतरी चिंधी बांधलेली, चिंधीतून थेंब थेंब गळत होतं. एक बाई तिथेच हंडा लावून बसली होती. मी थांबले. तिला सांगावंसं वाटलं की हे पाणी घेऊ नका. तिने माझ्याकडे बघितलं आणि हंडा जरा सरळ केला. मी पुढे गेले.

घरात बुद्धाची तसबीर, एक पत्र्याची ट्रंक, आणि जमिनीवर ती.

मला कोणी आधी सांगितलं नव्हतं की या आजाराने माणूस असा होतो. एका रात्रीत. डोळे खोल गेलेले, गाल आत ओढलेले, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी दारातच उभी राहिले, कारण मला खरोखर वाटलं आपण चुकीच्या घरात आलो, ही कोणीतरी म्हातारी आहे. मग तिच्या किंचित उघड्या तोंडात तो तुटलेला दात दिसला.

शेजारच्या बायकांनी तिला उचललं. मामंजींनी लादी फोडून तुकडे गोणपाटावर पसरले, वर भुसा, त्यावर चटई. हे सगळं त्यांनी अशा सवयीने केलं की मला आश्चर्य वाटलं. नंतर कळलं, गिरणीच्या चाळीत त्यांनी बऱ्याचदा केलं होतं. गोळेवाला मुलीला घेऊन कोपऱ्यात बसला होता. मुलीला काय झालंय ते कळत नव्हतं. ती बर्फ बघून खूश झाली होती आणि बापाला म्हणत होती, "पप्पा, लाल रंग टाक."

मी बाहेर आले. आणि बाहेर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. लादी फोडताना उडालेले बर्फाचे कपरे दारात पडले होते. बोळातली पोरं जमली होती. उन्हाने तापलेली पोरं, दिवसभर पाणी पिऊ नका म्हणून घरच्यांनी धाक घातलेली. ती खाली वाकून कपरे उचलून तोंडात घालत होती. गटाराच्या कडेचे, आमच्या पायाखालचे. एक जण दुसऱ्याला देत होता, "घे, मोठा घे."

मी ओरडले की काय केलं मला आठवत नाही. एका पोराचा हात धरून मी त्याच्या तोंडातला बर्फ बोटाने काढला, एवढं आठवतं. तो रडायला लागला. मामंजी बाहेर आले, त्यांनी काय ते बघितलं आणि डोक्याचा रुमाल सोडून त्यात एकेक कपरा गोळा करायला बसले. गुडघ्यावर बसून, दाराच्या फटीतले, पायरीखालचे, सगळे. पोरं त्यांच्याभोवती उभी राहून बघत होती.

घरी आल्यावर मी आंघोळ केली, मग परत केली.

संध्याकाळी तिची आई पोचली, असं कळलं. पालिकेची गाडी त्याआधीच न्यायला आली होती. मेलेल्या माणसापासून साथ पसरते, ताबडतोब उचला, असं त्यांचं म्हणणं. वस्तीतल्या बायका दारात आडव्या बसल्या आणि आई येईपर्यंत त्यांनी गाडी थांबवली.

मग लादी मागायला दुसरे आले. डोंगरावरूनच, मग पलीकडच्या वस्तीतून, एक जण तर थेट कुर्ल्याहून. सगळ्यांचं तेच, कोणीतरी गावावरून यायचंय, तोवर ठेवायचंय. मामंजी कोणाला नाही म्हणाले नाहीत. सासूबाई एकदा म्हणाल्या, "अहो, हा कसला धंदा?" तर म्हणाले, "धंदो नाय ह्यो. आयस येऊची आसा कोणाची, तिका नाय कसा सांगू?"

तो तरुण साहेब पुन्हा एकदा आला. कोणीतरी तक्रार केली होती. "काका, तुम्हाला परवानगी मासळीची आहे," तो म्हणाला.

मामंजींनी पाटीकडे बोट केलं. "ह्यो पण खाण्यासाठी नाय, साहेब."

साहेबाने पाटी वाचली. तोही थकला होता, दाढी वाढलेली. मग काही न लिहिता निघून गेला.

पुढे वस्तीत टँकर सुरू झाले, तो गटारातला पाइप बदलला, आणि साथ हळूहळू ओसरली. जून अर्धा सरला होता. बंदी उठल्याचं कळलं तेव्हा रसवाल्यांनी चरक धुऊन काढला, नवीन ऊस आणला, लिंबू-आलं आणलं. मामंजींनी सकाळीच त्यांच्यासाठी लादी बाजूला काढून ठेवली. दुपार झाली तरी न्यायला कोणी आलं नाही. मी बघितलं तर एक दुसराच टेम्पो त्यांच्या दुकानासमोर उभा होता आणि बर्फ उतरत होता.

मामंजी रस्ता ओलांडून गेले. मी मागे गेले.

"काय रे, माझ्याकडे लादी ठेवली आहे ना तुझी," मामंजी म्हणाले.

रसवाले चरक पुसत राहिले. वर बघितलं नाही. "गिऱ्हाईक विचारतं, बर्फ कुठला. मी काय सांगू?"

"कुठला म्हणजे? त्याच कारखान्याचा. हा पण त्याच कारखान्याचा आहे."

"मला माहितेय. तुला माहितेय. त्यांना काय माहीत आहे? सगळा रस्ता म्हणतो मयताचा बर्फ. तुझ्या दुकानातला बर्फ घालून रस दिला तर माझा चरक कोण फिरवू देईल? महिनाभर मी चहा विकला. माझ्याही घरात माणसं आहेत."

"इतकी वर्षं तू माझ्या दुकानात बसून तंबाखू खायचास ना," मामंजी म्हणाले.

"आता पण येईन," रसवाले म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. ते यायचे. पण बर्फ नेला नाही.

लग्नाच्या ऑर्डरी गेल्या. कुल्फीवाला गेला. कोळणीसुद्धा म्हणायला लागल्या, आमची मासळी कोणी घेणार नाही. त्या पंधरा-वीस दिवसांत ज्यांच्या दारात मामंजी लादी खांद्यावर घेऊन गेले, त्यांच्यातलेच काही जण दुकानासमोरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे. मला राग यायचा. मग मी स्वतःला विचारलं, मी त्या पेटीतला बर्फ सरबतात घालून प्याले असते का? नसते प्याले. तिची बोटं आठवली असती.

मामंजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. सासूबाई घाबरल्या. हे म्हणाले, टपरी विकू. पण ती घेणार कोण?

त्या दिवसांत लोक पाण्याला घाबरले होते. ज्याच्या त्याच्या घरात उकळलेलं पाणी वेगळं ठेवायची धडपड, आणि भांडी नव्हती. चाळीतल्या बायका मला विचारायच्या, झाकणाचं पिंप कुठे मिळेल गं, खाली तोटी असलेलं. मी एक दिवस ह्यांना घेऊन कुर्ल्याला गेले आणि प्लास्टिकचे ड्रम घेऊन आले, झाकणवाले. ह्यांनी वर्कशॉपमध्ये भोक पाडून त्यांना तोट्या बसवल्या. ते टपरीपुढे मांडले तर संध्याकाळपर्यंत सगळे गेले. मग बादल्या आणल्या, गाळणी आणली, लांब दांड्याचे ओगराळे आणले, ज्याने हात न बुडवता पाणी काढता येतं.

मामंजींना मी उठवून दुकानात आणलं. बर्फाची पेटी आम्ही तोवर एका सुताराला देऊन टाकली होती. ते आले आणि त्या निळ्या-लाल बादल्यांमध्ये पाहुण्यासारखे बसले. पहिल्या दिवशी एका बाईने विचारलं, हा ड्रम किती वर्षं टिकेल? ते म्हणाले, "माका काय म्हायत बाय, मी बर्फ विकणारो माणूस." ती बाई हसली आणि ड्रम घेऊन गेली.

गोळेवाल्याला पावसाळ्यात साकीनाक्याला पॉलिशच्या कारखान्यात काम मिळालं. मुलीला आजी गावी घेऊन गेली. रविवारी तो येऊन मामंजींजवळ बसायचा. तो आणि रसवाले कधी कधी एकाच बाकड्यावर असायचे. कोणी त्या उन्हाळ्याचा विषय काढला नाही. आम्हीही नाही. मी तर पुढे कित्येक वर्षं हे कोणाला धड सांगितलंच नाही, कारण सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं मी बर्फाचं दुकान गेल्याबद्दल सांगतेय.

रसवाल्यांची बायको दिवाळीच्या सुमारास एक ड्रम घ्यायला आली. मामंजींनी स्वतः उठून त्यातला चांगला निवडला, झाकण घट्ट बसतं का ते दोनदा फिरवून बघितलं, आणि तिला जड होईल म्हणून रस्त्याच्या पलीकडे नेऊन दिला.